पित्त नेमके कुठे असते? वाचकांचे प्रश्न : पोट आणि पचनग्रंथी

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये पोटाविषयीची पत्रे इतकी झाली की त्यांतील काही निवडून एकत्र उत्तरे देणे सोयीचे वाटले. पत्रे खानापूर, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी या तालुक्यांतील आणि बेळगाव शहरातील आहेत. एक हल्याळहून आले आहे. ती एका बैठकीत वाचताना असे जाणवले की विचारणाऱ्याला पोटाच्या त्रासाइतकाच शब्दांचाही त्रास आहे. आपल्या बोलण्यात पोटातील अवयवांची जी नावे रुळली आहेत, ती पुष्कळदा भलत्याच जागेकडे बोट दाखवतात. त्यात घरी मराठी, शाळेत कन्नड आणि दवाखान्यातील अहवालावर इंग्रजी अशी आपल्या सीमाभागाची तऱ्हा असल्यामुळे एकाच अवयवाची तीन नावे होतात आणि कधी एकच नाव दोन अवयवांना लागते. आयुष्याची तीस वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे असेल, पण मला या घोळाचे औषधाच्या चिठ्ठीपेक्षा अधिक कुतूहल आहे. पत्रावरून रोगनिदान करता येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : तीन महिन्यांपासून सकाळी तोंडात आंबट पाणी येते आणि छातीत जळजळते. सगळे म्हणतात की पित्त वाढले आहे. म्हणून सोनोग्राफी करून घेतली, तर यकृत आणि पित्ताशय दोन्ही निर्दोष असल्याचे लिहून आले. पित्ताशयात काही दोष नसेल, तर हे पित्त येते कुठून? (एक गृहिणी, खानापूर तालुका)

उत्तर : मराठीत 'पित्त' हा शब्द निदान चार अर्थांनी चालतो. आयुर्वेदातील वात, पित्त, कफ या त्रयीतील पित्त हा एक अर्थ. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की आपण 'पित्त उठले' म्हणतो, तो दुसरा. आंबट ढेकर आणि छातीतील जळजळ यांना 'पित्त झाले' म्हणतो, तो तिसरा. यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा, कडू रस, ज्याला शरीररचनाशास्त्रात पित्त म्हणतात, तो चौथा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी चौथ्या पित्ताची पिशवी पाहिली आणि ती चांगली असल्याचे लिहिले. आपला त्रास तिसऱ्या पित्ताचा आहे, आणि तो रस यकृतातून किंवा पित्ताशयातून येतच नाही.

तो येतो जठरातून. जठर म्हणजे सर्वसाधारण बोलण्यातले 'पोट' नव्हे. आपण बेंबीवर हात ठेवून 'पोट दुखते' म्हणतो तेव्हा हाताखाली बहुतेक आतडी असतात. जठर त्याहून वर, बरेचसे डाव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूंच्या पडद्याच्या, लगेच खाली असते. आकार साधारण इंग्रजी जे अक्षरासारखा, आणि प्रौढ माणसात त्यात आरामात एक ते दीड लिटर अन्न मावते. त्याच्या आतील अस्तरावर भिंगातून पाहिले तर चाळणीसारखी असंख्य बारीक छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्राच्या तळाशी नळीसारख्या जठरग्रंथी उघडतात आणि त्या ग्रंथींच्या भिंतीत तीन प्रकारच्या पेशींची वाटणी असते : एक प्रकार हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतो, दुसरा पेप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) निद्रिस्त रूप तयार करतो आणि तिसरा बुळबुळीत श्लेष्मा स्रवतो. आम्ल तयार करणाऱ्या पेशी आणखी एक द्रव्य सोडतात, ज्याच्याशिवाय बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जात नाही. म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या रुग्णांना पुढे बी-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागतात.

असा रस दिवसाला सुमारे दोन लिटर तयार होतो. एवढे तीव्र आम्ल मांस शिजल्यासारखे मऊ करते, मग जठर स्वतः का विरघळत नाही, हा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारत. उत्तर अस्तरावरच्या श्लेष्म्याच्या थरात आहे. हा थर क्षारयुक्त असतो आणि त्याच्याखालच्या पेशी दर काही दिवसांनी गळून पडून त्यांच्या जागी नव्या येतात. हे कवच जिथे झिजते तिथे व्रण होतो. व्रण काळजीने आणि तिखटाने होतात असे वैद्यकातही दीर्घकाळ मानले जात होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे लक्ष वेधले, आणि कोणी विश्वास ठेवीना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आपल्या भागातील लाल चटणी आणि शेंगदाण्याचा ठेचा यांच्यावरचा आरोप अगदी खोटा नसला तरी पूर्ण खराही नाही : तिखटाने आधीच दुखावलेल्या जागी झोंबते, पण व्रण उत्पन्न करण्याचे श्रेय मुख्यतः या जंतूला आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराला जाते.

जठरातील हा रस माणसाला प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो एका अपघातामुळे. १८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना जठराला बाहेरून एक कायमचे भोक राहिले. विल्यम बोमॉन्ट या लष्करी डॉक्टरांनी त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर ओढून पचन कसे होते ते पाहिले आणि १८३३ मध्ये ती निरीक्षणे ग्रंथरूपाने छापली. भोक पडलेला माणूस पुढे १८८० पर्यंत जगला. त्याला या सगळ्याचे काय वाटत असेल, याचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नसावा.

आता आपल्या सकाळच्या आंबट पाण्याकडे येऊ. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असून ती श्वासपटलातील छिद्रातून खाली उतरून जठराला मिळते. त्या तोंडाशी स्नायूंचे एक आवळून धरणारे कडे असते. ते सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते, विशेषतः उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास. जठराला आम्ल सहन करणारे अस्तर आहे, अन्ननलिकेला ते नाही, म्हणून जळजळ छातीत होते. चवीवरून ओळखायचे झाले तर आंबट ते जठराचे आणि कडू ते यकृताचे. उपाशीपोटी वारंवार ओकारी होऊन शेवटी हिरवे पिवळे कडू पाणी पडते, ते मात्र खरे पित्त. ते आतड्यातून उलटे जठरात येऊन बाहेर पडलेले असते.

सोनोग्राफीत जठराचे अस्तर नीट दिसत नाही. त्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून तपासावे लागते. गिळताना अन्न अडकणे, वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौच होणे यांपैकी काही असेल तर ती तपासणी पुढे ढकलू नये.

प्रश्न : माझा मुलगा कन्नड माध्यमात आठवीत आहे. त्याच्या पुस्तकात 'मेदोजीरक ग्रंथी' असे लिहिले आहे. मी मराठी शाळेत 'स्वादुपिंड' शिकलो. दोन्ही एकच की वेगळे? पुस्तकातच 'गुल्म' असाही एक शब्द आहे; आमच्याकडे गुल्म म्हणजे पोटातला वायगोळा. (एक पालक, चिक्कोडी)

उत्तर : मेदोजीरक आणि स्वादुपिंड एकच. कन्नड नाव 'मेद जिरवणारा' असे काम सांगते आणि आपले नाव, माझ्या मते, फारसे काहीच सांगत नाही. त्यामुळे आपल्या मुलाचा शब्द अधिक उपयोगी आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. गुल्म मात्र खरोखर घोटाळ्याचा आहे. कन्नड पाठ्यपुस्तकातील गुल्म म्हणजे आपली प्लीहा, जिला जुन्या मराठीत पाणथरी म्हणतात. मराठी बोलण्यात आणि आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटात फिरणारा गोळा. प्लीहा डाव्या बरगड्यांखाली स्वादुपिंडाच्या शेपटीला टेकून असते म्हणून चित्रात ती पचनसंस्थेच्या शेजारी दिसते, परंतु तिचा पचनाशी काही संबंध नाही. ती रक्ताची आणि प्रतिकारशक्तीची आहे. आपल्या मुलाला परीक्षेत 'पचनग्रंथींची नावे लिहा' असे विचारले तर त्यात गुल्म घालू नको, एवढे सांगावे.

स्वादुपिंड सुमारे १५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचे असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या, वळणदार भागाच्या कुशीत बसते, अंग जठराच्या मागून आडवे जाते आणि शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचते. ते इतके मागे, पाठीच्या कण्याला इतके लागून असते की त्याचा दाह झाल्यास दुखणे आरपार पाठीत जाते आणि रुग्ण पुढे वाकून बसला की त्याला जरा बरे वाटते.

या ग्रंथीचा मोठा भाग, शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याण्णव भाग, पचनरस तयार करतो. त्यात पिष्ट, प्रथिने आणि मेद या तिन्हींना तोडणारी विकरे असतात, आणि क्षार असतो, ज्याने जठरातून आलेले आम्ल शमते. हा रस वाहून नेणारी नलिका १६४२ मध्ये पाडुआ येथे विर्सुंग यांनी शोधली. उरलेल्या भागात पेशींची बेटे विखुरलेली असतात. बर्लिनमध्ये शिकत असलेल्या पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकातून ती पाहिली आणि त्यांचे काम काय ते आपल्याला ठाऊक नाही असे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्या बेटांमधून इन्सुलिन थेट रक्तात जाते, हे पुढे उलगडले. टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे काढले. एका ग्रंथीला दोन बिऱ्हाडे, एकाचा दरवाजा आतड्यात उघडतो आणि दुसऱ्याचा रक्तात.

स्वादुपिंडाला रस सोडायची वेळ कळते कशी? पूर्वी समजत होते की हे सगळे मज्जातंतू सांगतात. लंडनमध्ये १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल घातले, आणि तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या निरोप्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि 'हॉर्मोन' हा शब्द, ज्याला आपण संप्रेरक म्हणतो, स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला. आठवीच्या पुस्तकात हे नसेल, पण मुलाला गोष्ट म्हणून सांगता येईल.

प्रश्न : माझी खानावळ आहे. गिऱ्हाईक 'काळीज' मागते तेव्हा आम्ही यकृत देतो. पण 'काळजात धस्स झाले' म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. काळीज नक्की कोणते? आणि बकऱ्याची वजडी म्हणजे माणसाच्या पोटातला कोणता भाग? (एक खानावळवाले, बेळगाव)

उत्तर : खाटीक बरोबर आहे. भाषेतले काळीज छातीत सरकले असले तरी ताटातले काळीज म्हणजे यकृतच. माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे, शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी असते आणि ते उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला चिकटून असते. निरोगी प्रौढ माणसात ते सहसा हाताला लागत नाही. इतर अवयवांना शुद्ध रक्त धमनीतून मिळते. यकृतालाही ती धमनी आहे, परंतु त्याच्याकडे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून एका मोठ्या शिरेने येते. आतड्यांनी शोषलेली साखर आणि प्रथिनांचे घटक उरलेल्या शरीराला मिळण्याआधी यकृताच्या हाताखालून जातात. दारूही त्याच वाटेने जाते, हे खानावळवाल्यांना वेगळे सांगायला नको.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. आपण काळीज साफ करताना त्याला चिकटलेली हिरवी पिशवी न फोडता अलगद काढता, कारण ती फुटली तर सगळे मटण कडू होते, तीच पित्ताशय. माणसाच्या पित्ताशयात फार तर ५० मिलिलिटर पित्त मावते, पण तिथे त्यातले पाणी शोषले जाऊन ते कित्येक पट दाट होते. पित्तात विकरे नसतात. साबणाने तेलकट भांडे जसे सुटते, तसे पित्तातील क्षार मेदाच्या मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडाचे विकर ते तोडते. मटणाचा तर्रीदार रस्सा किंवा कुंदा खाल्ल्यावर पित्ताशय आकुंचन पावते, आणि त्यात खडे असतील तर दुखणे नेमके अशा जेवणानंतर उठते. खडा नळीत अडकून पित्त आतड्यात उतरेनासे झाले तर डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरी होते. शौचाला नेहमीचा तपकिरी रंग पित्तामुळेच येत असतो.

वजडीला माणसाच्या पोटात जोड नाही. बकऱ्याच्या जठराचे चार कप्पे असतात. वजडी म्हणून आपण जे स्वच्छ करता, तो टॉवेलसारखा खरखरीत आणि मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार भाग पहिल्या दोन कप्प्यांचा असतो. पहिल्या तीन कप्प्यांना पाचक ग्रंथीच नसतात. तिथे जंतू चारा आंबवतात. आम्ल आणि पेप्सिन स्रवणारा कप्पा चौथा, आणि आपले जठर त्या चौथ्यासारखे आहे.

प्रश्न : मी तंबाखूच्या वखारीत काम करते. जेवायला बसले की उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ येते, ताणल्यासारखे दुखते आणि तासाभराने जाते. शेजारच्या बायका गालगुंड म्हणतात, पण ताप नाही. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : गालगुंड कानाच्या पुढे आणि खाली सुजते, कारण ते कानाजवळच्या लाळग्रंथीचे दुखणे आहे. आपल्या लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन. कानाजवळची सर्वांत मोठी. तिची नलिका गालातून पुढे येऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. नील्स स्टेन्सन याने १६६० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मेंढीच्या डोक्याची चिरफाड करताना ही नलिका शोधली. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. आरशासमोर जीभ टाळूला लावली तर जिभेखालच्या दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे दिसतील. जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ तिथून झिरपते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूस किटण लवकर चढते, ते या नलिकांची तोंडे तिथे असल्यामुळे.

दिवसभरात एक ते दीड लिटर लाळ तयार होते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा दोन मिनिटे चावत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो; लाळेतील विकराने पिष्टाची साखर व्हायला लागलेली असते.

जेवायला बसताच येणारी आणि नंतर ओसरणारी गाठ ऐकली की पहिली शंका नलिकेत अडकलेल्या खड्याची येते. लाळेचे खडे पाचांपैकी चार वेळा जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिची लाळ दाट असते, आणि नलिका लांब असून तिला खालून वर चढावे लागते. घास समोर आला की ग्रंथी लाळ सोडते, वाट बंद असते, म्हणून ती फुगते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तोंडाशी आलेला खडा कधी कधी तोंडातूनच काढता येतो. आपण तंबाखू खाता की नाही ते पत्रात लिहिलेले नाही. खात असाल तर एक भेद लक्षात ठेवावा : येणारी-जाणारी गाठ वेगळी आणि कायम राहणारी, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ वेगळी. दुसरी असेल, किंवा तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, तर आठवड्याभराचाही उशीर करू नये.

प्रश्न : पुस्तकात लहान आतड्याची लांबी कुठे सहा मीटर, कुठे सात मीटर दिली आहे, एका व्याख्यानात तीन मीटर ऐकले. खरे काय? (एक विद्यार्थिनी, हल्याळ)

उत्तर : सगळेच, कारण मोजलेले आतडे वेगवेगळ्या अवस्थेतले आहे. मृत्यूनंतर भिंतीतील स्नायू सैल पडतात आणि आतडे सहा-सात मीटर भरते. जिवंत माणसात स्नायूंचा ताण असल्यामुळे ते तीन ते पाच मीटरच असते. त्यातला पहिला भाग सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे बारा बोटे. अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी तो बोटांनी मोजून 'बारा बोटी' असेच नाव ठेवले आणि ड्युओडेनम हे इंग्रजी नाव त्यावरून आले. यकृताची आणि स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकत्र येऊन याच भागात उघडते. पुढे मध्यांत्र, त्यानंतर शेषांत्र, आणि मग सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे. लहान आणि मोठे हे जाडीवरून, लांबीवरून नव्हे.

आतील पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, हे वाक्य मीही वर्षानुवर्षे वर्गात सांगितले. २०१४ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप करून पचनमार्गाचे क्षेत्र सरासरी ३२ चौरस मीटरच्या आसपास असल्याचे दाखवले, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाहूनही कमी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी. तरीही एवढा पृष्ठभाग पोटात मावतो तो घड्या, घड्यांवर मिलिमीटरभर उंचीचे अंकुर आणि अंकुरांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म केसाळ कड अशा तीन पायऱ्यांनी. अंकुरांच्या मुळाशी आतड्याच्या स्वतःच्या ग्रंथी असतात. प्यायलेले दोन लिटर पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस, आंत्ररस मिळून सात लिटर, असा रोज नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो आणि शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. जुलाबात माणूस एका दिवसात का खचतो, हे या आकड्यांवरून कळेल.

प्रश्न : आमच्या घरी पोट दुखले की 'बेंबी सरकली' म्हणतात आणि चोळून ती जागेवर आणतात. बेंबीजवळ उडणारा ठोका जागचा हलला आहे असे दाखवतातही. शास्त्र काय म्हणते? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : बेंबी हा एक वण आहे. गर्भात असताना नाळेतून येणारी शीर आणि जाणाऱ्या दोन धमन्या जन्मानंतर बंद होतात आणि त्यांचे दोर राहतात. एक दोर बेंबीपासून वर यकृताकडे जातो. आतड्याशी बेंबी जोडलेली नसते, त्यामुळे सरकायला तिथे काही नाही.

ठोका मात्र खरा आहे. तो शरीरातील मुख्य धमनीचा. ती कण्याच्या पुढून, मध्यरेषेच्या किंचित डावीकडून खाली येते आणि बेंबीच्या जरा खाली दुभागते. बारीक माणूस उपाशीपोटी निजला की ती सहज हाताला लागते, आणि पोट फुगलेले असेल, आतडी मध्ये आली असतील, तर लागत नाही किंवा बाजूला लागते. चोळणारी बाई जे चाचपते ते खोटे नसते, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. वयस्क माणसात हा ठोका रुंद आणि फुगीर लागत असेल, तर तिथे चोळू देऊ नये. धमनी फुगलेली असू शकते.

आतडी जागची हलतात, पण ती सदैव हलतच असतात. लहान आतडे पाठीमागच्या भिंतीला एका पडद्याने बांधलेले असते. त्या पडद्याचे मूळ फक्त १५ सेंटीमीटर आणि काठ काही मीटर, नऊवारीच्या निऱ्या कमरेशी मुठीत मावाव्यात आणि खाली घेर सुटावा, तसा. या पडद्यातूनच रक्तवाहिन्या येतात. चोळल्यावर बरे वाटते, ते बहुधा वायू पुढे सरकल्यामुळे आणि मायेचा हात पोटावर फिरल्यामुळे.

प्रश्न : अपेंडिक्स उजवीकडे खाली असते, मग माझ्या भावाचे दुखणे बेंबीपासून का सुरू झाले? त्यामुळे घरच्यांनी एक दिवस घालवला. (एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी बोटाएवढी नळी आहे. आतड्यांना कापल्याचे किंवा भाजल्याचे कळत नाही. ताण आणि दाह कळतो, आणि तोही नेमक्या जागेवर नव्हे. आंत्रपुच्छाकडून येणारे तंतू मज्जारज्जूत ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीच्या कातडीचेही तंतू येतात, म्हणून मेंदू सुरुवातीला दुखणे बेंबीवर टाकतो. पुढे सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की ते अस्तर खरी जागा सांगते आणि दुखणे उजवीकडे खाली उतरते. पित्ताशयाच्या बाबतीतही असेच घडते : सूज श्वासपटलाला लागली तर दुखते उजव्या खांद्यात, कारण श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून निघतो, आणि रुग्ण खांद्याला तेल लावत बसतो.

आपल्या भावाच्या बाबतीत बेंबी सरकली समजून चोळले गेले असावे, असे आपल्या पत्रावरून वाटते. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली उतरले, त्याबरोबर जेवण नकोसे झाले, मळमळ आणि थोडा ताप आला, तर चोळणे, एरंडेल देणे आणि गरम पाण्याची पिशवी तिन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जावे, आणि वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये, म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागली तर खोळंबा होत नाही.